विद्यार्थी हजर आहे काय?

२०२० च्या मार्च महिन्यात महाविद्यालये बंद झाली आणि अध्यापन मोबाइलच्या पडद्यावर आले, तेव्हा भामरागड-एटापल्लीकडील कित्येक गावांत तो पडदा उजळतच नव्हता. रेंजसाठी टेकडी चढावी लागे. परंतु जिथे रेंज होती तिथे जे घडले, ते मला अधिक चिंतनीय वाटते. तास सुरू होई, नाव नोंदले जाई, मोबाइल खाटेवर राही आणि विद्यार्थी धानाच्या बांधीत चिखल तुडवीत असे. यंत्राच्या लेखी तो उपस्थित होता. त्याला दोष देण्यापूर्वी आपण एवढेच विचारावे, की त्याआधी वर्गातील बाकावर तो याहून अधिक उपस्थित होता काय?

आता उच्च शिक्षणात सर्वत्र विद्यार्थ्याच्या ‘सहभागा’ची चर्चा चालते. व्याख्याने आटोपशीर करावीत, मध्येच प्रश्न पेरावेत, चित्रफिती दाखवाव्यात, गटचर्चा घ्यावी. या गोष्टी वाईट नाहीत. पण दुसऱ्याचे लक्ष वेधून घेण्याचा हक्क आपल्याला कोठून मिळतो, हा मूळ प्रश्न नीतीचा आहे. लक्ष हा माणसाच्या स्वातंत्र्याचाच एक अंश आहे. युक्तीने ते पकडून ठेवणे जाहिरातदारालाही साधते, किंबहुना शिक्षकापेक्षा अधिक चांगले साधते!

संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात शिक्षकाची तुलना वैद्याशी केली होती. रोगी बरा होतो तो त्याच्या शरीराच्या अंगभूत शक्तीने. वैद्य तिला साहाय्य करतो. त्याचप्रमाणे शिकते ती विद्यार्थ्याची स्वतःची बुद्धी. हे मान्य केले, तर विद्यार्थ्याचा सहभाग ही शिक्षकाने वर्गात आणून टाकलेली जादा सामग्री ठरत नाही. त्याच्यावाचून शिक्षण घडलेलेच नसते.

याचे उदाहरण आपल्या जिल्ह्यातच आहे. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गोंड वस्तीच्या गावात निर्णय घेणारी ग्रामसभा निराळी आणि विचार करणारा अभ्यासगट निराळा. ग्रामसभेचा निर्णय सर्वसहमतीने होतो. अभ्यासगटात मात्र निर्णयाचे ओझे नसते. बाहेरचा जाणकार आला तरी तो व्याख्याता नसतो. गावकऱ्यांबरोबर चर्चेला बसलेला एक माणूस असतो. मध गोळा करताना पोळे जाळून माश्या मारण्याखेरीज गत्यंतर नाही काय, असा प्रश्न त्यांनी घेतला आणि माश्या न मारता मध काढण्याची रीत बसवली. वनकायद्याचाही अभ्यास झाला. २००९ साली सुमारे १८०० हेक्टर वनावर गावाचा सामूहिक हक्क मान्य झाला आणि २०११ साली बांबू वाहतुकीचे परवाने ग्रामसभेच्या हाती आले. तिथे नावे पुकारून हजेरी घेण्याची गरज कोणाला भासली असेल, असे वाटत नाही. आपल्या उत्तरावर आपले जंगल अवलंबून आहे, हे प्रत्येकाला ठाऊक होते.

मात्र येथे एक घसरण संभवते. आदिवासी तरुणाला बांबू, मोह आणि तेंदूपत्ता एवढेच शिकवावे, म्हणजे त्याचे मन रमेल, असे कोणी म्हणू लागले तर तो नवा अन्यायच होय. आकाशातील ग्रहांची गती, ग्रीक नाटके, ईश्वराच्या अस्तित्वाची प्रमाणे, या साऱ्यांवर त्याचाही वारसा आहे. गोंडवाना विद्यापीठ २०११ साली चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांसाठी स्थापन झाले, ते त्याला जंगलात अडकवून ठेवण्यासाठी खचितच नव्हे. विषय उपयोगाचा असावा असा माझा आग्रह नाही. त्याच्या उत्तराची कोणीतरी खरोखर वाट पाहत असावे, एवढाच आग्रह आहे. बाबुराव शेडमाके यांना १८५८ साली चंद्रपुरात फाशी दिले गेले, हे तो टिपणांतून पाठ करतो. पण या उठावाविषयी तुझ्या आजीला काय ठाऊक आहे, तिला गोंडीत विचार आणि येऊन आम्हांला सांग, असे त्याला कोण म्हणते? तसे म्हटले, की शिक्षकालाही ऐकावे लागते, कारण ते उत्तर त्याच्यापाशी नसते.

अम्माऊसच्या वाटेवर प्रभूने त्या दोघा शिष्यांना प्रथम विचारले, की तुम्ही कशाविषयी बोलत आहात. स्वतःला सर्व ठाऊक असूनही त्याने त्यांना त्यांचे दुःख सांगू दिले. शास्त्राचा उलगडा त्यानंतर केला. आपल्या धर्मशिक्षणाच्या वर्गांत मात्र प्रश्नही आपला आणि उत्तरही आपलेच असते, आणि मुले दोन्ही पाठ करतात.

असे शिकवायला वेळ लागतो, आणि वेळेला पैसा लागतो. ही गोष्ट शिक्षणाच्या चर्चेत सहसा दबक्या आवाजात बोलली जाते. महाराष्ट्रातील किती तरी महाविद्यालयांत अध्यापनाचा मोठा भार तासिका तत्त्वावरील प्राध्यापकांवर आहे. शिकविलेल्या तासाचेच मानधन मिळते. सुटीतील महिने कोरडे जातात. आपल्या धर्मग्रामातील कुटुंबांतूनही उच्च पदव्या घेतलेली मुले-मुली या कामावर जातात. मागल्या बाकावरचा अबोल मुलगा उत्तर जुळवीत असतो. पण घंटा होते, आणि त्याच्या प्राध्यापकाला दुसऱ्या गावची एस.टी. गाठायची असते.