बारावा गडी

एका गावाला एक संघ पुरे, की दुसराही असावा, या प्रश्नावर कुणा तत्त्ववेत्त्याने ग्रंथ लिहिल्याचे माझ्या ऐकिवात नाही. त्यांच्यापैकी कुणाला कॉलनीच्या क्रिकेट मंडळाचा खजिनदार व्हावे लागले नसणार. मी आहे. बँकेत कारकून आणि शिवाय बी.कॉम., एवढ्या दोन गुन्ह्यांवर मला हे पद बिनविरोध मिळाले.

गेल्या सभेत पोरांनी अर्ज दिला, 'आम्हांला दुसरा संघ हवा.' मी ताबडतोब जमाखर्चाची वही उघडली. बॅटी तीन, पैकी एक सुतळीने गुंडाळलेली. पॅडचे जोड दोन. शिल्लक चारशे बारा रुपये. 'एका घरात दोन चुली झाल्या की घर मोडतं,' असे सुवचनही वर जोडले. टाळ्या पडल्या. चहा झाला. शिल्लक एकशे नव्वद.

घरी येईपर्यंत ते सुवचन घशात अडकले. कारण रणजी करंडकासाठी आपल्या राज्यात चांगल्या तीन चुली आहेत : मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ. घर मोडले म्हणावे, तर मुंबईने २०२३-२४ पर्यंत ४२ वेळा करंडक नेला आणि विदर्भाने २०१७-१८, २०१८-१९ व २०२४-२५ असा तीनदा. 'वेगळे कशाला, आमच्यातच या,' असे कुणी विदर्भाला पटवले असते, तर त्यातली किती पोरे पाण्याच्या बाटल्या वाहत बसली असती!

आम्ही नाशिककर 'महाराष्ट्र' संघाचे. या संघाने १९३९-४० आणि १९४०-४१ साली करंडक जिंकला. त्यानंतर आम्ही सबुरीत प्रावीण्य मिळवले. गोल्फ क्लब मैदानावर सामना असला की आम्ही टाळ्या महाराष्ट्राला देतो आणि हळूच शेजाऱ्याला मुंबईचा स्कोअर विचारतो. खाते एका बँकेत, डोळा दुसरीच्या व्याजावर!

आमच्या संघाची खरी मोठी गोष्ट १९४८ सालची. पुण्यात काठियावाडविरुद्ध भाऊसाहेब निंबाळकर ४४३ वर नाबाद होते. ब्रॅडमनचा ४५२ चा विक्रम नऊ धावांवर आलेला. तेवढ्यात काठियावाडचे कर्णधार, राजकोटचे ठाकोरसाहेब, मधल्या सुट्टीत संघ घेऊन चालते झाले. संपला सामना! बॅट तीच, हात तेच, पण समोर दुसरा संघ नाही म्हटल्यावर ब्रॅडमनला गाठायचे कुणाच्या गोलंदाजीवर?

आणि जागा एकच असली की काय होते, ते मुंबईच्या पद्माकर शिवलकरांना विचारायला हवे होते. प्रथम श्रेणीत ५८९ बळी, कसोटी सामने शून्य. कारण त्याच काळात तसाच डावखुरा बिशनसिंग बेदी भारतासाठी ६७ कसोट्या खेळत होता. यात बेदीचा दोष नाही. दोष असलाच तर अकरा या आकड्याचा.

हे सारे मी जेवताना हिला सविस्तर सांगितले. ही म्हणाली, "ते निंबाळकर-शिवलकर राहू द्या. आपल्या संघात अकरावा कोण आहे?"

मी आमटीत पाहू लागलो. अकरावे आमचे चिरंजीव. आणि बारावा, म्हणजे पाणी नेणारा, कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याचा मुलगा. त्याचा चेंडू कॉलनीत कुणालाच कळत नाही. संघ निवडताना खजिनदार हजर होते, एवढे सांगितले म्हणजे पुरे. माझा विरोध पॅडच्या जोडांमुळे नव्हताच. दुसरा संघ झाला असता, तर पहिल्याची निवड कशी झाली, ते सगळ्यांना दिसले असते. 'एकी हवी' असे जो जोरात म्हणतो, त्याची स्वतःची खुर्ची त्या एकीत असते की नाही, हे एकदा वाकून पाहावे.

पुढच्या सभेत मी वही न उघडताच ठराव मांडला. दुसरा संघ झाला. पहिल्याच सामन्यात इस्त्रीवाल्याच्या पोराने आमच्या चिरंजीवांचा मधला स्टंप पहिल्या चेंडूवर उडवला. संध्याकाळी मी समजुतीची वाक्ये जुळवत बसलो होतो. चिरंजीव आले ते धावतच. "बाबा, तो चेंडू कसा टाकायचा ते तो मला उद्या शिकवणार आहे!"

ही जमेची रक्कम कोणत्या रकान्यात लिहावी, ते बी.कॉम.ला शिकवले नव्हते. आता तिसऱ्या संघाचा अर्ज आला आहे. मंडळाने तूर्त चहा बंद केला आहे.