पायावरचा पहारेकरी

मोटारीच्या ब्रेकांवर लक्ष ठेवणारी इलेक्ट्रॉनिक पेटी काढून ठेवली, तर त्यात नीतीचा प्रश्न कोठे आला, असे कोणी विचारील. वरवर पाहता कोठेच नाही. शतक उलटण्याच्या सुमारास अमेरिकेत निघालेल्या शेव्हरोले सिल्व्हराडो या पिकप गाडीत ही पेटी चालकाच्या बाजूला, गाडीच्या पोटाखाली सांगाड्यावर बसवलेली असते. हादऱ्यांनी आतले डाख सुटतात आणि चालकासमोर पिवळा दिवा लागतो. मग बॅटरीची तार सोडवायची, जोडण्या काढायच्या, मोजके स्क्रू फिरवायचे, की पेटी हातात येते. ती दुरुस्तीला टपालाने जाते आणि गाडी तिच्यावाचून धावत राहते. ब्रेकही लागतात.

मग गेले काय? बॉश कंपनीची ही यंत्रणा १९७८ साली मर्सिडीजच्या गाड्यांत आली, आणि तिचे काम मोठे चमत्कारिक आहे. भ्यालेला माणूस जिवाच्या आकांताने पेडल दाबतो, नेमके तेव्हाच ती त्याचे ऐकत नाही. चाक जाम होऊ लागले की दाब सोडते, पुन्हा धरते, पुन्हा सोडते. एका सेकंदात कितीतरी वेळा. पेटी काढली की पाय पुन्हा सार्वभौम होतो. पण जाम झालेली चाके नुसती घसरतात. हातांनी स्टिअरिंग कितीही फिरवा, गाडी सरळच जाते. पायाला मिळालेले स्वराज्य हातांना असे भोवते.

प्रतिपक्षाजवळही पुरावा आहे. १९८०च्या दशकात म्युनिकच्या टॅक्सींवर पाळत ठेवली गेली. काहींत ही यंत्रणा होती, काहींत नव्हती. अपघातांत म्हणावा असा फरक पडला नाही. यंत्रणा असलेले चालक अधिक बेदरकारपणे हाकू लागले होते. यावरून पहारेकरीच नको म्हणणे मला पटत नाही. कुलपामुळे घरधन्याला गाढ झोप लागते म्हणून कोणी कुलूप विहिरीत टाकत नाही. मात्र एक गोष्ट खरी, की पेटी काढणाऱ्याला ती नसल्याचे ठाऊक असते. तो बेताने हाकील, पुढच्या गाडीपासून अंतर राखील. टपालाची वाट पाहणाऱ्या अशा माणसाला दोष देताना माझी जीभ अडखळते.

तरी त्याला पुरता सोडवत नाही. रस्ता ओलांडणाऱ्या म्हातारीला यातले काय ठाऊक? तिच्या वाट्याचा धोका वाढवण्याची परवानगी कोणी तिला विचारली नव्हती.

आणि मग तो दुसरा माणूस. त्याला दुरुस्तीचा खर्च नको असतो, म्हणून तो पेटी तशीच राहू देतो आणि त्या पिवळ्या दिव्याचाच बंदोबस्त करतो. दिवा काढतो, नाहीतर त्यावर काळी पट्टी चिकटवतो. गाडी धुऊन पुसून विकायला ठेवतो. गिऱ्हाईक कोरड्या रस्त्यावर एक फेरी मारून येते, ब्रेक दाबून पाहते, समाधानाने पैसे मोजते. पाऊस त्या दिवशी पडलेला नसतो.