तारीख कोणाच्या सोयीची?

चार मित्रांनी एकत्र जमायचे ठरवले की पहिला प्रश्न येतो, "कधी?" पूर्वी यासाठी घरोघरी निरोप धाडावे लागत. आता काम सोपे झाले आहे. स्वित्झर्लंडमध्ये २००७ साली स्थापन झालेल्या डूडल या कंपनीच्या पानावर चार-पाच तारखा मांडायच्या, लिंक पाठवायची आणि ज्याने त्याने आपल्या सोयीच्या तारखेवर खूण करायची. व्हॉट्सॲपवरही २०२२ पासून असा पोल घेता येतो. जिथे जास्त खुणा, ती तारीख पक्की. वाद नाही, वेळही वाचतो.

मग यात नीतीचा प्रश्न कुठे आला? ज्या मित्राची खूणच आली नाही, त्याच्यापाशी तो येतो.

मोखाडा तालुक्यातील पोशेऱ्यासारख्या गावाचा विचार करू या. समजा, शाळेत एकत्र शिकलेल्या दहा जणांना भेटायचे आहे. कोणी शिक्षक झाला, कोणी नाशिकला कारखान्यात लागला आणि दोघे दिवाळीनंतर बिऱ्हाड घेऊन वीटभट्टीवर गेले. भट्टीवाल्याकडून उचल घेतलेली असते. ती फिटेपर्यंत माणसाचा रविवारही त्याचा नसतो. घरात मोबाइल एकच, त्याचा रिचार्जही कधी संपलेला. बाकीच्या आठ जणांनी जानेवारीतला एक रविवार निवडला. बहुमत झाले! पण त्या दोघांना "नाही" म्हणण्याचीही संधी मिळाली नाही. पुढच्या वर्षीही हिशेब हाच असणार आणि मागे राहणारेही तेच दोघे.

बहुमत वाईट नाही. पण खुणा मोजताना प्रत्येक खूण सारखीच धरली जाते. तारीख बदलली तर एकाचा सिनेमा चुकतो, दुसऱ्याची दिवसाची मजुरी बुडते. हा फरक यंत्राला कळत नाही. तो आपल्यालाच कळायला हवा.

कोणी म्हणेल, "सगळ्यांसाठी थांबलो तर भेट कधीच होणार नाही." हे खरे आहे. पण जव्हार-मोखाड्याची होळी पाहा. भट्टीवर गेलेली माणसे त्या सणाला गावी परततात. ती तारीख कोणी खुणा मोजून ठरवत नाही. ती पौर्णिमेने ठरते, म्हणून दूर गेलेल्यालाही आधीच ठाऊक असते. मालकाकडे सुटी मागताना त्याला कारण सांगत बसावे लागत नाही. मित्रांची भेट होळीच्या दोन दिवस मागे-पुढे ठेवली, तर दहाही जण येऊ शकतील.

म्हणून ही साधने आपण खुशाल वापरावीत. फक्त तारीख पक्की करण्यापूर्वी ज्याचे उत्तर आले नाही, त्याला एक फोन करावा, किंवा त्याच्या घरी विचारावे. जो एकदा राहून गेला, त्याच्या सोयीच्या दिवसापासून पुढच्या वेळी सुरुवात करावी. डूडलवर "होय" आणि "नाही" यांच्यामध्ये तिसरे उत्तरही देता येते: गरज पडली तर येईन. आपल्यापैकी ज्यांचा रविवार खरोखर मोकळा असतो, त्यांनी ते उत्तर अधिक वेळा द्यावे. आपण थोडे सरकलो, तर भट्टीवरच्या मित्रालाही आपल्यात बसायला जागा होईल.