कुलपाची किल्ली कोणापाशीं?

ज्याच्या मनांत पाप नाहीं त्याला लपविण्यासारखें तें काय असणार, हा प्रश्न आपल्याकडे इतक्या सहजपणें विचारला जातो कीं, तो प्रश्न नसून सिद्धान्तच आहे असें ऐकणारास वाटावें. परंतु असें म्हणणारे गृहस्थहि आपलें पत्र पाकिटांत घालून चिकटवितात, वैद्यापाशीं बोलतांना दार लोटून घेतात, आणि मुलीच्या लग्नाचीं बोलणीं पक्कीं होईपर्यंत तीं चारचौघांत काढीत नाहींत. यांत पाप कोणतें? आपली कोणती गोष्ट कोणास सांगावी हें ठरविण्याचा अधिकार आपला आहे, एवढीच त्यांची भावना असते. आणि ती योग्यच आहे.

आज हा प्रश्न पाकिटापुरता उरलेला नाहीं. यवतमाळ जिल्ह्याच्या झरी-जामणी तालुक्यांतील मुकुटबन गांवीं एखादा शेतकरी आपल्या मोबाइलवर बँकेचें ॲप उतरवून घेतो, तेव्हां त्याचा व्यवहार संकेतलिपींत बदलून मार्गस्थ होतो. ज्याच्यापाशीं किल्ली, त्यासच तो वाचतां येतो. या गणिताची त्यास वार्ताहि नसते. पण त्याची पुंजी त्याच गणिताच्या भरंवशावर असते.

हें कुलूप किती मजबूत असावें, हें मात्र दीर्घकाळ दूर देशीं ठरत होतें. अमेरिकेचा कायदा समर्थ संकेतनास युद्धसामग्री समजे. फिल झिमरमन यांनीं १९९१ सालीं सामान्य माणसासाठीं ‘प्रेटी गुड प्रायव्हसी’ ही आज्ञावली सिद्ध केली. ती परदेशीं पोंचल्यावरून १९९३ पासून १९९६ पर्यंत त्यांची चौकशी चालली. तीच आज्ञावली १९९५ मध्यें पुस्तकरूपानें छापली गेली. पुस्तकास सीमा ओलांडतां येई, चकतीस मात्र नाहीं! परदेशीं पाठवावयाच्या सॉफ्टवेअरमध्यें साधारणतः ४० बिटांची किल्ली असे. म्हणजे सुमारें १.१ लाख कोटी किल्ल्या फिरवून पाहिल्या कीं कुलूप उघडलेंच. १९९५ मध्यें फ्रान्समधील एका संशोधकानें तें सुमारें ८ दिवसांत उघडून दाखविलें. मजबूत प्रत हवी असल्यास आपल्या नागरिकत्वाची ग्वाही द्यावी लागे. गुप्ततेचें साधन मिळविण्याकरितां आधीं स्वतःचीच ओळख उघडी करावी, असा हा न्याय!

२००० सालीं हे निर्बंध बरेच सैल झाले. तरी दुबळ्या कुलपाची सोय अनेक यंत्रांत तशीच राहून गेली, आणि २०१५ मध्यें ‘फ्रीक’ नांवाचा जो दोष उघडकीस आला, त्यांत अमेरिकी सरकारचींहि कांहीं संकेतस्थळें सांपडलीं. परक्याचें दार कच्चें ठेवणारास आपलेंहि दार कच्चेंच राहिल्याचें पंधरा वर्षांनीं कळलें.

सत्तेची बाजूहि ऐकली पाहिजे. खंडणीखोर आणि घातपाती हेहि कुलपें वापरतात. त्यांचा माग काढणें हें राज्याचें कर्तव्यच आहे. पण संशयिताच्या घराची झडती आज्ञापत्रानिशीं घेणें निराळें, आणि गांवांतील प्रत्येक कुलपाची दुसरी किल्ली चावडीवर ठेवण्याचा हुकूम काढणें निराळें. पहिल्यांत एकाची चौकशी होते. दुसऱ्यांत सर्वांवरच अविश्वास दाखविला जातो, आणि चावडीवरची किल्ली कधींतरी चोराच्याहि हातीं लागते. सप्टेंबर २०१५ मध्यें भारत सरकारच्या संकेतन-धोरणाच्या मसुद्यांत, नागरिकांनीं आपले मूळ संदेश ९० दिवस जपून ठेवावेत व मागितल्यास सादर करावेत, असें सुचविलें होतें. लोकांचा रोष पाहून तो मसुदा लागलीच मागें घेण्यांत आला.

डॉ. आंबेडकरांनीं १९४७ च्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ या निवेदनांत व्यक्तीचें शरीर, घर व कागदपत्रें यांस अवाजवी झडतीपासून संरक्षण देणारें कलम घातलें होतें. तें राज्यघटनेंत आलें नाहीं. पुढें २४ ऑगस्ट २०१७ रोजीं सर्वोच्च न्यायालयाच्या ९ न्यायमूर्तींनीं एकमतानें खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला. त्यांत नागपूरचे शरद बोबडे आणि धनंजय चंद्रचूड हे होते. हा हक्क अमर्याद नाहीं. परंतु त्यास मर्यादा घालावयाची तर कायद्याचा आधार, योग्य हेतु आणि प्रमाणाचें भान हीं तिन्ही हवींत.

नीतीचा निवाडाहि याहून वेगळा नाहीं. दार कां लावलें, याचा खुलासा घरधन्याकडे मागूं नये; तें उघडावयाचें ज्याच्या मनांत आहे, त्यानें आधीं कारण दाखवावें.