पांजरपोळ आणि आपलें पुण्य

मोकाट कुत्रीं मारण्याच्या सरकारी हुकुमावरून मुंबईंत १८३२ सालीं दंगा झाला, आणि पुढें दोनच वर्षांनीं शेट जमशेटजी जिजीभाई व शेट अमीचंद शहा यांच्या पुढाकारानें तेथील पांजरपोळ उभा राहिला. ज्या कामास धर्मभेद आड आला नाहीं, त्याविषयीं शंका काढणें कोणासही रुचणार नाहीं. तरीही आम्हांस एक शंका काढावयाची आहे. जनावर न मारणें आणि जनावर जगविणें ह्या दोन्ही गोष्टी एकच काय?

पोळ्याच्या दिवशीं ज्या बैलाच्या शिंगांना हिंगूळ लागतो आणि ज्याला पुरणपोळीचा घांस मिळतो, तोच औत ओढीनासा झाला म्हणजे बाजाराची वाट धरतो. येथें शेतकऱ्यास दोष देणें सोपें आहे. विशेषतः ज्यांस वैरण विकत घ्यावी लागत नाहीं त्यांस! तीनशें किलो वजनाच्या बैलास रोज सहा-सात किलो सुका चारा लागतो, आणि काम सुटल्यावरही तो कित्येक वर्षें जगूं शकतो. महाराष्ट्रांत २०१५ सालीं बैलांची कत्तल कायद्यानें बंद झाली. त्यानें सुरी थांबली. गंजींत पेंढी कांहीं वाढली नाहीं. (म्हैस त्या कायद्याबाहेरच राहिली. दूध तर तीही देते.)

जनावर सोडवून आणणें हें एका दिवसाचें काम. त्या दिवशीं हारतुरे असतात. पुढें बांधल्या जागीं खूर वाढतात, ते तासावे लागतात. शहरांत भटकलेल्या गाईच्या पोटांत प्लास्टिकच्या पिशव्यांचा गोळा सांपडतो. उठूं न शकणारें जनावर दिवसांतून अनेकदां कुशीवर वळवावें लागतें, नाहींतर अंगाखालीं जखमा पडून चिघळतात. आम्हीं पाहिलेल्या एका पांजरपोळांत देणगीदारांच्या नांवांची संगमरवरी पाटी लखलखीत होती. मागच्या पडवींत एक गाय आपल्याच शेणांत पडलेली होती. व्यवस्थापकांस विचारतां ते शांतपणें म्हणाले, "आम्ही मारीत तर नाहीं ना?"

साबरमतीच्या आश्रमांत १९२८ सालीं एक वांसरूं असेंच असाध्य दुखण्यानें तळमळत होतें. गांधीजींच्या संमतीनें डॉक्टरांनीं सुई टोंचून त्याचा अंत केला. गांधीजींवर संतप्त पत्रांचा वर्षाव झाला. गांधीजींचा निर्णय बरोबर होता असें आम्हांस वाटतें, परंतु तो सर्वांस सारखाच मोकळा आहे असें मात्र वाटत नाहीं. ज्या आश्रमांत त्या वांसराची शुश्रूषा चालली होती, तेथें हा विचार करण्याचा अधिकार होता. नुसत्या पत्रलेखकास तो नव्हता. आणि चाऱ्याचा खर्च वांचावा म्हणून सुई शोधणाऱ्यासही नाहीं. व्यवस्थापकांच्या त्या प्रश्नांत हीच मेख आहे: सेवा न करतां केवळ अहिंसेचा आधार घेतला, तर जनावराचें दुःख लांबतें आणि पुण्य मात्र आपल्या खातीं जमा होतें.

हें सारें आम्ही पाटीकडे बोट दाखवून लिहीत आहों, पण त्या दिवशीं आम्हीं काय केलें? गडी, व्यवस्थापक व आम्ही अशा तिघांनीं मिळून त्या गाईस एकदां कुशीवर वळविलें, दम लागला. मग हात धुतले, देणगीची पावती घेतली आणि परतीची गाडी गांठली.