सगळे भाग आहेत, इंजिन नाही

जुन्या प्रीमियर पद्मिनीचे १०८९ सीसीचे इंजिन पूर्ण उघडून पुन्हा बांधले, की कधी कधी एक विलक्षण अडचण उभी राहते. रिंगा नव्या, बेअरिंग नवी, व्हॉल्व्ह घासून बसवलेले, हेडखालचे गॅस्केटही नवे. स्टार्टर मारला की क्रँक जोमाने फिरतो, पण इंजिन पेट घेत नाही. फार तर खोकते आणि कार्बोरेटरमधून मागे भडका मारते. मेकॅनिक एकेक गोष्ट तपासतो. प्लग काढून ब्लॉकला टेकवला तर निळी ठिणगी पडते, पेट्रोल पोचते आहे, गेज लावला तर चारही सिलिंडरांचे कॉम्प्रेशन चांगले. एकही भाग कमी नाही, एकही सदोष नाही, तरी गाडी सुरू होत नाही. अवयव आणि अवयवी, म्हणजे भाग आणि त्यांची मिळून झालेली वस्तू, यांविषयी भारतीय दर्शनांत जो दीर्घ वाद झाला, त्यात या बंद इंजिनाची साक्ष काढायला हवी, असे मला वाटते. ती साक्ष दोन्ही पक्षांना अडचणीत आणते.

वादाची एक बाजू ‘मिलिंदप्रश्न’ या पाली ग्रंथात आहे. भिक्षू नागसेन ग्रीक राजा मिलिंदाला विचारतो, तू पायी आलास की वाहनाने? रथाने आलो, असे राजा सांगतो. मग चाके म्हणजे रथ का, आस म्हणजे रथ का, असे विचारत नागसेन त्याला कबूल करायला लावतो की ‘रथ’ हा या भागांच्या आधाराने चाललेला व्यवहार आहे, त्यांच्यापलीकडे रथ नावाची वस्तू सापडत नाही. पुढे सातव्या शतकात चंद्रकीर्तीने हाच रथ घेऊन विश्लेषण आणखी धारदार केले: भागांचा नुसता ढीग म्हणजे रथ नव्हे, कारण मग मोडून पडलेलाही रथच ठरेल, आणि भागांचा आकारही रथ नव्हे. उलट बाजूला नैयायिक. त्यांच्या मते अवयवी हे अवयवांहून वेगळे, त्यांच्यात समवायाने, म्हणजे अतूट संबंधाने, राहणारे द्रव्य आहे. एक भाग धरून ओढला की सगळी वस्तू ओढली जाते, हा त्याचा एक पुरावा न्यायसूत्रांत दिला आहे. हा पुरावा आपल्या इंजिनाला लावून पाहावा. साखळीने उचलले तर ते अखंड वर येते, म्हणजे नैयायिकांची कसोटी ते उत्तीर्ण होते. अवयवी जन्मला, पण इंजिन जन्मले नाही. मग ज्या द्रव्याच्या असण्याने इंजिन चालते की नाही हे ठरतच नाही, ते मानून इंजिनाबद्दल आपल्याला काय कळले?

आता बिघाड कुठे आहे ते पाहू. चार फटक्यांच्या इंजिनात एका चक्राला क्रँकचे दोन फेरे लागतात, कॅम आणि डिस्ट्रिब्युटर मात्र एकच फेरा घेतात. म्हणून पहिला पिस्टन एका चक्रात दोनदा टॉपवर येतो: एकदा मिश्रण दाबून, एकदा जळका धूर बाहेर ढकलून. क्रँकच्या पुलीवरची खूण दोन्ही वेळा सारखीच जुळते. बांधणाऱ्याने दुसऱ्या टॉपला पहिला समजून डिस्ट्रिब्युटर बसवला, तर ठिणगी बरोबर अर्ध्या चक्राने चुकते. त्या क्षणी धुराचा व्हॉल्व्ह मिटत असतो, मिश्रणाचा उघडू लागलेला असतो. म्हणूनच भडका कार्बोरेटरकडे जातो. तपासणी सोपी आहे. पहिला प्लग काढून भोकावर अंगठा ठेवायचा, क्रँक हाताने फिरवायचा, हवा अंगठा ढकलू लागली की हाच दाबाचा फेरा, आणि खूण जुळताच रोटरचे तोंड कुठल्या वायरीकडे आहे ते बघायचे. मला महत्त्वाचे वाटते ते यानंतरचे. ही चूक दोन ठिकाणी दुरुस्त करता येते. डिस्ट्रिब्युटर काढून अर्धा फेरा फिरवून बसवता येतो. किंवा त्याला हातही न लावता टोपणातल्या वायरी बदलता येतात, एकची जागा चारला आणि तीनची दोनला. जो दोष दोन वेगळ्या जागी सारखाच पुरता नाहीसा होतो, तो त्यांपैकी कुठल्याही एका भागाचा दोष म्हणता येत नाही. तो त्यांच्या संबंधात होता. आणि दोष संबंधात असेल, तर इंजिनाचे इंजिनपणही तिथेच असले पाहिजे: भागांच्या काळातल्या क्रमात.

बौद्ध पक्ष यावर म्हणेल की हे तर आमचेच मत. वस्तू कारणसामग्रीवर अवलंबून आहेत, असे आम्ही प्रथमपासून सांगतो. चंद्रकीर्तीलाही व्यवहारातला रथ मान्य आहेच. हा आक्षेप वजनदार आहे आणि त्यातले अर्धे मी मनापासून स्वीकारतो. पण व्यवहार म्हणजे लोकांनी मानणे असेल, तर गॅरेजमधल्या सगळ्यांनी या लोखंडाला इंजिन म्हटले तरी ते पेटत नाही, आणि वायरी बदलल्यावर कुणी काहीही म्हटले तरी पेटते. जे कार्य करते ते सत्, ही कसोटी बौद्ध तार्किक धर्मकीर्तीची. ठिणगी, पेट्रोल, दाब तेच राहून केवळ क्रम बदलल्याने कार्य घडते किंवा अडते, तर त्याच्याच कसोटीने तो क्रम सत् ठरतो. क्रम ही पुन्हा मनाचीच जुळवणी, असे कुणी म्हणेल. मनाच्या जुळवणीने कार्बोरेटरमधून ज्वाळा येत नाहीत. आजच्या गाड्यांत डिस्ट्रिब्युटर नसतो, हे खरे. ठिणगीची वेळ संगणक ठरवतो. त्याने क्रमाचा राखणदार बदलतो, गरज तीच राहते.

नागसेनाला रथाशी कर्तव्य नव्हतेच. त्याला माणसाबद्दल सांगायचे होते. केस, नखे, वेदना, संज्ञा यांत शोधून ‘मी’ सापडत नाही, हे त्याचे म्हणणे मला निर्विवाद वाटते, आणि त्यांच्या मागे वेगळा आत्मा बसवण्याचे कारण या युक्तिवादाने तरी मिळत नाही. पण भागांत न सापडणे म्हणजे केवळ नाव असणे नव्हे. दिलेला शब्द उद्या आठवणे, केलेल्या चुकीची आज भरपाई करणे, ही कार्ये यांपैकी कुठल्याही एका स्कंधाची, म्हणजे घटकाची, नाहीत. ती त्यांच्या काळातल्या सांधणीची आहेत, आणि ती सांधणी विस्कटली की माणसाचे काय होते हे स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाच्या घरी रोज दिसते. मिलिंदाने ‘रथाने आलो’ म्हटले तेव्हा त्याच्या हाती पुरावा होता, कारण तो खरोखरच रथाने आला होता. तो पुरावा त्याने फार लवकर सोडून दिला.