सर्वांत हळू चालणारा पुढे



आजच्या मिस्सानंतर जुन्या गोव्याच्या पदयात्रेचे अर्ज कचेरीत मिळतील. दरवर्षीप्रमाणे नोव्हेंबरच्या अखेरीस आपण पहाटे निघू आणि तिसऱ्या दिवशी, नोव्हेना चालू असतानाच, संत फ्रान्सिस झेवियरच्या चरणी पोहोचू. अर्जावर वयाचा रकाना आहे, पण वयाची अट नाही. मध्यंतरी ही अट होती आणि ती आम्हीच घातली होती. ती का घातली आणि का काढली, हे आज मोकळेपणाने सांगतो, कारण त्यात चूक आमची होती.

२०२४ साली २१ नोव्हेंबरपासून संतांच्या पवित्र अवशेषांचे दर्शन सुरू झाले. दर दहा वर्षांनी येणारा हा सोहळा ५ जानेवारी २०२५ पर्यंत चालला. गर्दी मोठी असणार, हमरस्त्यावर वाहनांची वर्दळ असणार, वाटेत कोणाला चक्कर आली तर काय करायचे, अशी चर्चा आपल्या समितीत झाली. शेवटी 'वयोमर्यादा ६५' असे ठरले आणि त्या कागदावर आम्ही सही केली. हेतू वाईट नव्हता. वृद्धांची काळजी घेतो आहोत, असेच आम्हांला वाटत होते.

दुसऱ्या दिवशी आपल्यातलेच एक आजोबा अर्ज घेऊन कचेरीत आले. वय त्र्याहत्तर. आम्ही त्यांना नियम दाखवला. ते रागावले नाहीत. अर्जाची घडी खिशात ठेवत म्हणाले, "बरं फादर. पण मग पुढे कोण चालणार?" आम्हांला वाटले, क्रूस घेऊन पुढे कोण चालणार असे ते विचारताहेत. आम्ही सांगितले, "तरुण मुलं आहेत ना!" ते किंचित हसले आणि गेले.

त्यांच्या प्रश्नाचा अर्थ पहिल्याच दिवशी कळला. बांदा मागे पडेपर्यंत सर्व ठीक होते. पत्रादेवीचा नाका ओलांडला आणि तरुणांचा एक गट झपाझप पुढे निघून गेला. मधले त्यांना गाठण्यासाठी धावू लागले. मागे राहिलेल्यांची जपमाळ अर्ध्यावर तुटली. पायाला फोड आलेली एक मुलगी रस्त्याच्या कडेला बसून राहिली, आणि ती मागे राहिली आहे हे आमच्या लक्षात यायला पाऊण तास लागला. मुक्कामाला आम्ही तीन तुकड्यांत पोहोचलो. पहिली तुकडी जेवून झोपली होती, शेवटची अजून वाटेत होती. रात्रीची प्रार्थना एकत्र झालीच नाही. त्या वर्षी आपण सर्व गोव्याला पोहोचलो खरे, पण यात्रा म्हणून पोहोचलो का? आमच्या मनाला तो प्रश्न लागून राहिला.

परतल्यावर आम्ही आजोबांच्या घरी गेलो, झालेले सांगितले आणि माफी मागितली. ते म्हणाले, "आमच्या वेळी एकच नियम होता, फादर. सर्वांत हळू चालणाऱ्याला पुढे ठेवायचं. मग कोणी मागे राहतच नाही."

सेमिनरीत आम्ही तत्त्वज्ञानाचे जाड ग्रंथ वाचले, पण ही गोष्ट इतक्या थोड्या शब्दांत कोणी सांगितली नव्हती. पवित्र शास्त्रात मात्र ती आहे. उत्पत्तीच्या ३३ व्या अध्यायात याकोब आणि एसाव हे दुरावलेले भाऊ भेटतात. चल, बरोबर जाऊ, असे एसाव म्हणतो. त्याच्याबरोबर चारशे दणकट माणसे आहेत. याकोब नम्रपणे सांगतो की, माझ्याबरोबर लहान मुले आहेत, दूध पाजणारी जनावरे आहेत. एक दिवस जरी त्यांना घाईने हाकले तरी कळप मरेल. तू पुढे हो, मी त्यांच्या चालीने येतो. याकोब स्वतः वेगाने जाऊ शकला असता की नाही, हा प्रश्नच नाही. कुटुंबाची चाल कोणी ठरवायची, हे त्याला कळले होते.

वय आणि प्रवास यांचे देवाचे गणितही आपल्यापेक्षा वेगळे आहे. आब्राहामाला देवाने घर सोडून निघायला सांगितले तेव्हा त्याचे वय ७५ होते. मोशे फारोसमोर उभा राहिला तेव्हा ८० वर्षांचा होता. आपल्या समितीने या दोघांचेही अर्ज परत पाठवले असते!

चर्चच्या जुन्या शिकवणीत जिवंत माणसाला 'वाटसरू' म्हटले आहे आणि स्वर्गात देवाचे दर्शन घेणाऱ्यांना 'पोहोचलेले'. संत थॉमस अक्वायनस यांच्या लिखाणात हा भेद वारंवार येतो. नोकरीतून आपण निवृत्त होतो, शेतीही मुलांच्या हाती देतो. पण वाटसरू असण्यातून निवृत्ती नाही. श्वास आहे तोवर वाट आहे. म्हणून घरातल्या वृद्धांना "तुम्ही आता आराम करा" असे सांगताना आपण त्यांना खरोखर विश्रांती देतो, की दार बाहेरून लावून घेतो, हे प्रत्येकाने आपल्या मनाला विचारावे.

आपले शेजारी वारकरी बंधू हे जाणतात. आळंदी ते पंढरपूर हे सुमारे २५० किलोमीटरचे अंतर सत्तरी ओलांडलेली कितीतरी माणसे चालतात. ती एकेकटी चालत नाहीत. प्रत्येक दिंडीची जागा आणि क्रम ठरलेला असतो, आणि दिंडीच त्यांना सांभाळून नेते. आपल्या संतांच्या जन्मगावीही पदयात्रा आहे. स्पेनमधील नवारा प्रांतात हावियेरचा किल्ला आहे. दर मार्चमध्ये हजारो भाविक तेथे चालत जातात. पाम्पलोनाहून ते अंतर सुमारे ५० किलोमीटर आहे.

आणि ज्यांच्या दर्शनाला आपण जातो ते संत? त्यांना म्हातारपण लाभलेच नाही. ६ मे १५४२ रोजी ते गोव्यात उतरले. मासेमारांच्या किनारपट्टीवर ते फिरले, जपानच्या कडाक्याच्या हिवाळ्यात पायी हिंडले. ३ डिसेंबर १५५२ रोजी चीनच्या दारातल्या एका लहान बेटावर, वयाच्या ४६ व्या वर्षी, त्यांनी देह ठेवला. चीनमध्ये त्यांना पाऊल टाकता आले नाही. आम्हीही आज त्याच वयाच्या आसपास आहोत, म्हणून हे आम्हांला अधिक जाणवते. ज्याच्या पायी आपण पोहोचतो, तो स्वतः वाटेतच थांबला. देवाने त्याला किती किलोमीटर झाले असे विचारले नसेल.

आता आजोबांचे पुढचे सांगतो. त्यानंतरच्या यात्रेत ते होते, सर्वांत पुढे. पोहोचायला आपल्याला नेहमीपेक्षा तीन तास अधिक लागले, पण सर्व एकत्र पोहोचलो आणि प्रत्येक रात्री जपमाळ पूर्ण झाली. यंदा त्यांचा गुडघा साथ देत नाही. आम्ही आग्रह केला तर म्हणाले, "नाही फादर. पणजीला येऊन थांबतो. रायबंदरच्या वाटेने तुमच्याबरोबर येईन. पिशवी नातू घेईल." तुम्ही म्हातारे व्हाल तेव्हा दुसरा कोणी तुमची कंबर बांधील, असे प्रभूने पेत्राला सांगितले होते. चालण्याचा हट्ट धरायला धैर्य लागते. पण आपली पिशवी दुसऱ्याच्या हाती द्यायला त्याहून मोठा विश्वास लागतो. स्पेनमधील सांतियागोच्या यात्रेतही शेवटचे १०० किलोमीटर चालणाऱ्याला यात्रेकरूचे प्रमाणपत्र मिळते. शेवटचा टप्पा हीसुद्धा यात्राच आहे.

तेव्हा यंदाची व्यवस्था अशी. साठीच्या पुढच्यांनी डॉक्टरांना दाखवून यावे. रक्तदाब, मधुमेह लपवू नये, कारण देवाने दिलेल्या शरीराचे ऐकणे हीदेखील आज्ञाधारकता आहे. ज्यांना पूर्ण चालता येत नाही त्यांनी म्हापसा किंवा पणजीहून सामील व्हावे. ज्यांना घराबाहेरही पडता येत नाही त्यांनी आपले नाव व विनंती चिठ्ठीवर लिहून द्यावी. प्रत्येक तरुण एक चिठ्ठी खिशात घेऊन चालेल आणि जुन्या गोव्यात त्या व्यक्तीसाठी प्रार्थना करील. त्या तीन दिवसांत, सायंकाळी सात वाजता, घरी असलेल्यांनी आमच्यासाठी जपमाळ म्हणावी.

आणि तरुणांनो, तुमचे पाय मजबूत आहेत, देवाची स्तुती असो! ते पाय या वर्षी दुसऱ्याच्या चालीने चालवून पाहा. घरीही पाहा. आजीबरोबर मिस्साला येताना दहा पावले पुढे जाऊन वळून पाहू नका, तिच्या बाजूने चाला.

संत फ्रान्सिस झेवियर आपणा सर्वांसाठी विनंती करो, आणि आपण सर्व एकत्र पोहोचू अशी कृपा प्रभू आपल्याला देवो. आमेन.

ख्रिस्तामध्ये आपले,
धर्मगुरू